कचऱ्याच्या वजनावर बिल काढणे थांबवा : नगरपरिषदांना खुले पत्र

प्रति,
नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि आरोग्य विभाग,
महाराष्ट्रातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायती.
प्रत : कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे सभापती व सचिव.

विषय : ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या बायोगॅस प्रकल्पांच्या निविदेतील अटी बदलण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या हद्दीत बायोगॅस प्रकल्प असेल तर त्याची नोंदवही आज मागवून घ्या. ‘आज आलेला कचरा, किलोमध्ये’ हा रकाना न चुकता भरलेला सापडेल, कारण कंत्राटदाराचे बिल त्यावर निघते. आता ‘आज निघालेला गॅस’ हा रकाना शोधा. तो कोरा असेल, किंवा महिनाभर एकच आकडा खाली खाली उतरवलेला असेल, तर टाकी आंबली आहे असे धरून चालायला हरकत नाही. पंप, मोटर, काँक्रीट सगळे शाबूत असते. मेलेले असतात ते आतले जिवाणू, आणि बहुतेक वेळा ते उपासमारीने नव्हे तर अजीर्णाने मेलेले असतात.

आमचे म्हणणे एवढेच आहे : असे प्रकल्प यंत्र बिघडल्याने बंद पडत नाहीत, निविदेतल्या एका ओळीमुळे पडतात. ‘प्रतिटन इतके रुपये’ ही ती ओळ. ती बदलण्यासाठी आधी टाकीत काय चालते ते समजून घ्यावे लागेल.

टाकीत दोन टोळ्या राबतात. पहिली टोळी मुख्यतः मातीतल्या जिवाणूंची. बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम ही त्यांतली ठळक नावे. पालकाच्या मुळाला, बटाट्याच्या सालीला चिकटलेल्या मातीतून ते फुकट येतात. त्यांचे बीजाणू कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, त्यामुळे ते विकत आणावे लागत नाहीत. भाताचे पिष्ट, डाळीचे प्रथिन, भाजीचा तंतू यांचे तुकडे करून ही टोळी त्यांची आम्ले बनवते. तिची वाढ तासांत दुप्पट होते. दुसरी टोळी ही आम्ले, मुख्यतः ॲसिटिक आम्ल, खाऊन मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, सोडते. शास्त्राच्या भाषेत हे जिवाणू नसून आर्किया आहेत, पण बोलताना सगळेच त्यांना जिवाणू म्हणतात, तसेच आम्हीही म्हणू. हे गाईच्या कोठीपोटात आणि भातखाचरातल्या चिखलात राहतात. प्राणवायू त्यांना विषासारखा, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ६.८ ते ७.४ च्या आत लागतो, तापमान ३५ अंशांच्या आसपास, आणि वाढ इतकी संथ की दुप्पट व्हायला कित्येक दिवस जातात.

म्हणजे आम्ल करणारे घोड्यावर आणि आम्ल खाणारे पायी. रोजचा घास पायी चालणाऱ्याला झेपेल एवढाच असला पाहिजे. घास वाढला की पहिली टोळी आनंदाने आम्लाचा ढीग लावते, दुसरीला तो उपसत नाही, सामू घसरतो, घसरलेल्या सामूत दुसरी टोळी आणखी मंदावते, आणि आठवड्याभरात टाकीला लोणच्याच्या बरणीसारखा वास सुटतो.

आता वजनकाट्याकडे पाहा. टनावर पैसे मिळणारा माणूस गाडी परत पाठवेल का? महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी दोन टन भात आणि खीर आली, तर तो ती टाकीतच ढकलणार. तुम्हीच त्याला त्याचे पैसे देता. ज्या दिवशी टाकी वाचवायची असते त्या दिवशी तिला मारण्याचे बिल मंजूर होते.

टाकी केवढी हवी

टाकीच्या आकारमानाचे गणित अगदी साधे आहे, पण ते पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर सोडू नका. हॉटेल आणि घरांतल्या एक टन शिजलेल्या ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असते. उरलेल्यातला जिवाणूंना खाता येणारा भाग साधारण २०० किलो. मंडईच्या एक टन पालेभाजीत पाणीच ९० टक्के, त्यामुळे खाण्याजोगा भाग जेमतेम ८० किलो. साध्या, ढवळणी असलेल्या टाकीला दर घनमीटरमागे दिवसाला २ किलो खाण्याजोगा भाग पचतो. तीनपर्यंत ताणता येते, पण त्यासाठी रोज तपासणी आणि अनुभवी माणूस लागतो.

समजा आपल्या गावचा प्रकल्प रोज पाच टनांचा आहे : दोन टन हॉटेलचा, तीन टन मंडईचा. खाण्याजोगा भाग ४०० अधिक २४०, म्हणजे ६४० किलो. टाकी हवी ३२० घनमीटर. हॉटेलच्या कचऱ्यात तेवढेच पाणी घातले आणि मंडईचा तसाच दळला, तर रोज सात घनमीटर रबडी आत जाते आणि टाकीत ती सुमारे ४५ दिवस राहते. हे प्रमाण ठीक आहे. याच पाच टनांसाठी कोणी १२० घनमीटरची टाकी दाखवून ‘आमचे कल्चर (जिवाणूंचे विरजण) खास आहे’ म्हणत असेल, तर तो दर घनमीटरला पाच किलोंहून जास्त घास भरवायला निघाला आहे. त्याच्या कल्चरची भुकटी घेऊ नका. ताज्या शेणात लागणारे सगळे काही असते.

एक अपवाद नोंदवायला हवा. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत मुख्य टाकीच्या आधी एक छोटी टाकी असते. तीत हवा फुंकून, गरम पाणी घालून, उष्णता सोसणाऱ्या बॅसिलस जिवाणूंकडून कचरा आधी मोडून घेतात. त्यामुळे मुख्य टाकी लहान चालते. रचना चांगली आहे. पण तिची अट अशी की हवेचा पंप आणि गरम पाणी रोज चालू राहिले पाहिजे. सोलर हीटर गळायला लागला आणि पंपाचे वीजबिल थकले की ती छोटी टाकी नुसता आम्लाचा हौद होते आणि मुख्य टाकी आपोआप लहान ठरते. निवड करताना आपल्याकडे पंप दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा.

उद्घाटनाची तारीख

विरजण लागायला रात्र लागते, टाकीला तीन महिने. ‘कार्यादेशानंतर पंधरा दिवसांत पूर्ण क्षमतेने’ ही अट कागदावरच राहते, किंवा टाकी जन्मतःच मारते. ३२० घनमीटरच्या टाकीसाठी क्रम असा :

निदान ३० टन ताजे शेण तेवढ्याच पाण्यात कालवून, काड्या-दगड गाळून आत सोडा. जवळपास चालू गोबरगॅसची स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला, मिळत असेल तर ती शेणाहून सरस, कारण तीत मिथेनवाले जिवाणू आधीच दाट असतात. गॅस कोंडला जाईल इतकी पातळी येईपर्यंत पाणी भरा. क्लोरिनचा नळ नको, विहिरीचे चालेल. मग पंधरा ते वीस दिवस काहीही घालू नका. पहिला गॅस पेटवू नका, बाहेर सोडा : त्यात टाकीतली हवा मिसळलेली असते, आणि हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असले की ठिणगी पुरते. ज्योत निळी आणि न विझता जळायला लागली की रोज पाऊण टन मिश्र कचरा सुरू करा. दर आठवड्याला अर्धा टन वाढवा, तेही खालची तपासणी हो म्हणाली तरच. पाच टनांवर पोहोचायला आठ-नऊ आठवडे लागतात. आधीचे तीन धरले की झाले तीन महिने. या काळात कंत्राटदाराला ठरावीक मासिक रक्कम द्या, टनावर एक पैसाही नको.

वीस मिलिलिटरची तपासणी

बहुतेक प्रकल्पांत सामू मोजण्याची कागदी पट्टी असते आणि ती पुरेशी मानली जाते. ती पुरेशी नाही. टाकीतल्या पाण्यात बायकार्बोनेट असते. आम्ल वाढू लागले की आधी ते खर्ची पडते, आणि ते संपेपर्यंत सामू जागचा हलत नाही. पट्टीचा रंग बदलतो तेव्हा चार-पाच दिवस हातचे गेलेले असतात. मोजायचे असते ते आम्ल आणि क्षारता (आम्ल झेलण्याची टाकीची ताकद) यांचे गुणोत्तर, आणि ते गावातल्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सामानावर निघते : एक ब्युरेट (आम्ल मोजून थेंब थेंब सोडायची काचेची नळी), एक काचपात्र, सामूमापक आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल.

टाकीच्या मधल्या पातळीवरून नमुना घ्या. चहाच्या गाळणीने आणि मग कापडाने गाळा. लगेच तपासा, कारण बाटलीत ठेवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा खोटा निघतो. २० मिलिलिटर मोजून घ्या, सामूमापकाचे टोक बुडवा, आणि ढवळत थेंब थेंब आम्ल सोडा. सामू ५.० वर आला की ब्युरेटचा आकडा लिहा. हा पहिला आकडा. पुढे सामू ४.४ होईपर्यंत आणखी सोडा. या दुसऱ्या टप्प्यात लागलेले आम्ल हा दुसरा आकडा. पहिल्याला २५० ने गुणले की क्षारता मिळते, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये. दुसऱ्याला १.६६ ने गुणा, ०.१५ वजा करा, ५०० ने गुणा, की वाष्पशील आम्ले, म्हणजे पहिल्या टोळीने केलेली आम्ले, मिळतात. त्यांना क्षारतेने भागले की गुणोत्तर.

उदाहरण घ्या. सोमवारी पहिला आकडा १४.०, दुसरा १.५. क्षारता ३५००, आम्ले ११७०, गुणोत्तर ०.३३. टाकी ठणठणीत. मधे बुधवारी लग्नाच्या हॉलचे दोन टन शिळे अन्न आत गेले. गुरुवारी पहिला आकडा १३.०, दुसरा २.६. क्षारता ३२५०, आम्ले २०८३, गुणोत्तर ०.६४. त्या दिवशीही सामू ७.१ दाखवतो आणि पट्टी हिरवीच निघते. गॅसचे मीटर तर नेहमीपेक्षा जोरात फिरत असते. नोंदवही पाहणाऱ्याला सगळे उत्तम वाटते.

गुणोत्तर ०.३ च्या खाली असेल तर घास वाढवता येतो. ०.३ ते ०.४ मध्ये आहे तसाच ठेवा. ०.४ च्या वर गेले की निम्मा करा. ०.६ ओलांडले की त्या दिवसापासून आत काहीही घालू नका, मग दारात कोणाचीही गाडी उभी असो. आठवड्यातून दोनदा, आणि सणावाराच्या दिवसांत रोज, एवढे केले तरी पुरे. शिकायला एक सकाळ लागते. बारावी विज्ञान झालेला कोणताही मुलगा-मुलगी हे करू शकते. पण हे काम त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले हवे आणि त्याचा पगार कंत्राटदाराकडून निघता कामा नये.

टाकी आंबलीच, तर पहिला उपाय उपास. खाणे बंद, ढवळणी अगदी मंद, तीन ते सात दिवस. सोबत चालू गोबरगॅसची स्लरी किंवा ताज्या शेणाचा काला, टाकीच्या पाच-दहा टक्के. सामू ६.५ च्या खाली गेला असेल तर खाण्याचा सोडा लागतो. १०० घनमीटर टाकीची क्षारता लिटरमागे १००० मिलिग्रॅमने वाढवायला १६८ किलो सोडा, पाण्यात विरघळवून, दोन-तीन दिवसांत वाटून घाला. चुना स्वस्त पडतो म्हणून पोत्याने ओततात, ते टाळा. चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची खर तळाशी बसवतो, आणि गॅस एकदम आटल्याने झाकणबंद टाकीत निर्वात होऊन झाकण आत ओढले जाऊ शकते. सोडाही वरचेवर घालायची वस्तू नव्हे. त्यातले सोडियम शेवटी शेतातच जाते.

घंटागाडी आणि ब्लीचिंग पावडर

वर्गीकरणाचे नियम २०१६ पासून आहेत, त्यावर वेगळे लिहीत नाही. फक्त जे टाकीच्या तोंडाशी दिसते ते सांगतो.

दुर्गंधी नको म्हणून कंटेनरवर ब्लीचिंग पावडर आणि फिनाईल मारतात. तोच कंटेनर सकाळी बायोगॅसवर रिकामा होतो. जंतू मारण्यासाठीच बनवलेले द्रव्य आपण जिवाणूंवर चालणाऱ्या यंत्रात ओततो, आणि नंतर कल्चर निकृष्ट निघाल्याची तक्रार करतो. ओल्या कचऱ्याच्या कंटेनरवर काहीही फवारू नये असा लेखी आदेश मुकादमांना द्या. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

झाडलोटीची माती ओल्या कचऱ्यात आली तर ती तळाशी बसते आणि दोन वर्षांत टाकीचा मोठा भाग खाऊन टाकते. पाच टनांच्या टाकीची तीन टनांची झालेली कळतही नाही. दळणयंत्राआधी पाण्याचा उथळ हौद ठेवा, माती तिथेच बसू द्या. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, उसाची चिपाडे, आंब्याच्या कोयी, हाडे वेगळी काढा, ती टाकीत पचत नाहीत. लिंबू-मोसंबीच्या सालींतले तेल मिथेनवाल्यांना बाधते, तेव्हा रसवंती आणि ज्यूस सेंटरच्या साली थोड्या थोड्या विभागून द्या, एकदम गाडीभर नको. मासळी बाजाराचा आणि चिकनच्या दुकानांचा कचरा गॅस भरपूर देतो, पण त्यातून अमोनिया सुटतो. तो एकूण घासाच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहील असे पाहा. गणेशोत्सवातल्या निर्माल्यातून दोरे, थर्माकोल, प्लास्टिकचे हार वेचायला माणसे नसतील तर निर्माल्य सरळ कंपोस्टला पाठवा. दोरा ढवळणीच्या पात्याला गुंडाळला की तो काढायला टाकी उघडावी लागते.

आणि टाकी उघडणे म्हणजे काय, हे स्पष्ट लिहितो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात येतो. प्रमाण घातक होते तेव्हा नाकच बधिर होते आणि वास येत नाही. ‘वास नाही, उतर खाली’ या वाक्याने माणसे मरतात, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. टाकीत, स्लरीच्या बंद हौदात किंवा झाकलेल्या चेंबरमध्ये कोणीही उतरणार नाही. दुरुस्ती लागली तर टाकी पूर्ण रिकामी करून, ब्लोअरने हवा खेळवून, वायूमापकाने तपासून, दोर बांधून आणि वर दोन माणसे ठेवून, तेही प्रशिक्षित यंत्रणेकडूनच.

गॅस कोण घेणार

वरच्या पाच टनांतून दिवसाला ३०० ते ३५० घनमीटर गॅस मिळायला हवा. एक घनमीटर म्हणजे साधारण ०.४५ किलो एलपीजी. हिशेबाने १९ किलोचे सात-आठ व्यावसायिक सिलिंडर रोज. विजेत घातला तर घनमीटरला दीड-दोन युनिट, त्यातली काही दळणयंत्र आणि पंपच खातात. त्यामुळे आमचे मत स्पष्ट आहे : एवढ्या प्रकल्पाने वीज करू नये. नळीने ५०० मीटरच्या आत पोहोचेल असे एखादे मोठे स्वयंपाकघर, वसतिगृह, देवस्थानाचे अन्नछत्र किंवा फरसाणाचा कारखाना आधी शोधा, करार करा आणि मग प्रकल्पाची जागा ठरवा. आपल्याकडे उलट होते. कचरा डेपोवर जागा आहे म्हणून प्रकल्प तिथे जातो, आणि पाच किलोमीटरच्या आत गिऱ्हाईक नसल्याने गॅस हवेत जातो. न जाळता सोडलेले मिथेन उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट पुढे आहे. गिऱ्हाईक नसेल तर निदान ज्वाला लावा.

सीबीजीचे, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या गॅसचे, स्वप्न छोट्या गावांना दाखवले जाते. त्यासाठीची केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे. मानकाप्रमाणे त्यात मिथेन किमान ९० टक्के लागते. शुद्धीकरण आणि कॉम्प्रेसरचा खर्च दिवसाला ३०० घनमीटरवर निघत नाही. साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) रोज शेकडो टन येते, तिथे ते गणित वेगळे.

गॅस बर्नरवर जाळायचा असला तरी हायड्रोजन सल्फाइड काढावाच लागतो. गॅसमध्ये दहा लाखांत २००० भाग असेल तर ३५० घनमीटरमागे रोज साधारण एक किलो होतो. लेथवरचा लोखंडी कीस पाण्याने गंजवून दोन पिंपांत भरा, गॅस त्यातून जाऊ द्या. तांबूस गंज काळा पडला की पिंप बदला. काढलेला काळा कीस ओला ठेवूनच उघड्यावर पसरा. कोरडा ढीग हवा लागताच तापतो आणि पेटतोही. नळीला उतार ठेवा आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी. ‘गॅस येत नाही’ या तक्रारींत पुष्कळदा नळीत साठलेले पाणी एवढेच कारण निघते.

खत : आकडे आधी, घोषणा नंतर

प्रकल्प अहवालात खताचे उत्पन्न फुगवलेले असते. आपल्या उदाहरणात रोज सुमारे सात हजार लिटर पातळ स्लरी निघते. तिच्यात साधारण २० किलो नत्र असते, म्हणजे जवळपास ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीइतके, पण सात हजार लिटर पाण्यात विरघळलेले. ते टँकरने दहा किलोमीटरपलीकडे नेणे परवडत नाही. गाळून, दाबून घट्ट भाग वेगळा केला तर ओलाव्यासह दिवसाला पाव टनाच्या आसपास हाती लागतो. अहवालात ‘रोज एक टन खत’ लिहिले असेल तर त्यात माती मिसळायचा बेत आहे की काय, विचारा.

स्लरीतल्या नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असतो. उघड्या हौदात, उन्हात वाळवली की तो उडून जातो आणि मागे काळा चोथा राहतो. म्हणून स्लरीचा हौद झाकलेला हवा, आणि शेतात ती संध्याकाळी, पाटाच्या पाण्याबरोबर किंवा सरीत सोडून मातीआड करायची. एकरी एका वेळी पाच हजार लिटर पुरे. कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पानांवर फवारू नका. ३५ अंशांवर सगळे रोगजंतू मरत नाहीत. हॉटेलच्या कचऱ्यात मीठ असते, तेव्हा चोपण जमिनीत स्लरी देण्याआधी तिची विद्युतवाहकता (क्षार किती आहेत ते दाखवणारे माप) तपासा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ती ४ डेसीसायमन प्रतिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

सर्वांत विसरला जाणारा महिना जुलै. शेतात पाणी उभे असताना स्लरी कोणी घेत नाही, आणि टाकी तर रोज सात घनमीटर बाहेर टाकतेच. दोन महिन्यांची साठवण म्हणजे ४२० घनमीटर, मुख्य टाकीहून मोठा हौद. तो अंदाजपत्रकात नसतो. मग स्लरी नाल्यात जाते, आणि गाव म्हणते प्रकल्पामुळे ओढा सडला. गाव चुकत नाही.

आता मातीतल्या जिवाणूंची दुसरी पाळी. ॲझोटोबॅक्टर हवेतले नत्र बांधतो, स्फुरद विरघळवणारे जिवाणू मातीत अडकलेले स्फुरद पिकाला मोकळे करतात. हे स्लरीत घालून खताची किंमत वाढवता येते, पण घालायची वेळ चुकते. ताज्या स्लरीत प्राणवायू नसतो, अमोनिया आणि सल्फाइड असते. ॲझोटोबॅक्टरला तर हवेशिवाय जगताच येत नाही. पिंपात स्लरी, तीत कल्चरची बाटली ओतून ढवळणे म्हणजे बाटलीचे पैसे वाया.

घट्ट भाग सावलीत गुडघ्याइतक्या उंचीच्या ढिगात तीन-चार दिवस पसरा, एकदा उलथा, अमोनियाचा वास जाऊ द्या. मूठ आवळली तर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये, एवढा ओलावा ठेवा. मग टनाला एक किलो ॲझोटोबॅक्टर आणि एक किलो स्फुरदवाले कल्चर, दोन्ही थोड्या खतात आधी मिसळून, सगळीकडे पसरा. ओल्या गोणपाटाने झाका. चौथ्या दिवशी उलथा, दहाव्या दिवशी द्या. उसासाठी ॲसिटोबॅक्टर. रायझोबियम फक्त कडधान्ये आणि भुईमूग-सोयाबीनसारख्या शेंगवर्गीय पिकांना, तेही त्या त्या पिकाचेच. कल्चर कृषी विद्यापीठांत मिळते. पाकिटावरची मुदत पाहा आणि ते उन्हात उभ्या जीपमध्ये ठेवू नका. असे खत रासायनिक खतात किंवा बुरशीनाशकात मिसळून देऊ नये हेही शेतकऱ्याला तोंडी नव्हे, पोत्यावर छापून सांगा.

पोत्यावर ‘जिवाणू खत’ मात्र छापू नका. त्यासाठी भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू लागतात. तुमचे उत्पादन सेंद्रिय खत आहे, तेवढेच लिहा. २०२३ मध्ये केंद्राने गोबरधन योजनेखालच्या (शेण आणि सेंद्रिय कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या) प्रकल्पांतल्या सेंद्रिय खताच्या विक्रीसाठी टनाला १५०० रुपये सहाय्य मंजूर केले, ते खताच्या दर्जाला बांधलेले होते. मिश्र कचऱ्यातून बॅटरी आणि रंगाचे डबे आले तर शिसे आणि कॅडमियम मर्यादेबाहेर जातात, आणि ते नंतर कुठल्याही उपायाने काढता येत नाहीत.

निविदेत काय लिहावे

बिलाचा सत्तर टक्के भाग मिथेनच्या घनमीटरवर द्या. नुसत्या गॅसच्या मीटरवर नको. टाकी आंबायला लागते तेव्हा कार्बन डायऑक्साइड भसाभस सुटतो आणि मीटर फसवते. मिथेनचे प्रमाण १०० मिलिलिटरच्या सिरिंजनेही ढोबळ कळते : ५० मिलिलिटर गॅस ओढा, मग २० मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचे द्रावण, टोक बंद करून हलवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, दट्ट्या आत सरकतो, उरलेला गॅस म्हणजे जवळपास मिथेन. ५० पैकी ३० उरला तर साठ टक्के, उत्तम. २२ उरला तर पुढची गाडी थांबवा.

उरलेला तीस टक्के भाग नोंदवही, गुणोत्तराची तपासणी आणि स्लरीच्या विल्हेवाटीवर. प्रकल्पचालकाला गाडी नाकारण्याचा लेखी अधिकार द्या, दंडाशिवाय, आणि नाकारलेल्या कचऱ्यासाठी शेजारीच कंपोस्टचे खड्डे ठेवा. दोन महिन्यांच्या स्लरीचा झाकलेला हौद, गॅस घेणाऱ्याचा करार आणि तपासणी करणाऱ्याचा स्वतंत्र पगार हे तिन्ही कार्यादेशाआधी जागेवर असावेत. सुरुवातीचे तीन महिने मात्र ठरावीक मासिक रक्कमच. हिवाळ्यात रात्री दहा अंशांखाली जाणाऱ्या गावांत मिथेनची अपेक्षा तीस टक्क्यांनी कमी धरा किंवा रबडी कोमट पाण्यात कालवायची सोय द्या. तापमान एकदम नको, दिवसाला एक-दोन अंशांनीच बदलू द्या.

बंद पडलेली टाकी असेल तर ती पाडून नवी निविदा काढण्याआधी तीतला २० मिलिलिटर नमुना काढून पाहा. गाळ कमी असेल आणि झाकण धड असेल, तर ३० टन शेण आणि तीन महिन्यांची सबुरी हा खर्च नव्या काँक्रीटच्या जवळपासही जात नाही.

आपले,
ओल्या कचऱ्याचे बायोगॅस प्रकल्प उभारणारे व चालवणारे काही तंत्रज्ञ